सावलीचं म्हणून विकलं जाणारं झाड

इंग्लंडमधल्या कुठल्याही रोपवाटिकेत ‘सावलीच्या जागेसाठी’ अशी पाटी असलेल्या फळीवर फॉक्सग्लव्ह हमखास दिसतं. सरळ उंच दांडा, त्यावर खालून वरपर्यंत एकाच बाजूला झुकलेल्या जांभळट-गुलाबी घंटा आणि घंटेच्या आत गडद ठिपके. ज्यांनी ते पाहिलेलं नाही त्यांनी तिळाचं फूल आठवावं. तेच चांगलं मोठं करून, रंग चढवून, माणसाच्या उंचीच्या दांड्यावर लटकवलं की झालं. उत्तरेकडे तोंड असलेल्या, शेजाऱ्याच्या झाडांनी झाकोळलेल्या मागच्या अंगणात काय लावावं, हा प्रश्न तिथल्या मराठी घरांनाही पडतो आणि सल्ला म्हणून हेच नाव पुढे केलं जातं. मग बियांचं पाकीट येतं, सावलीतल्या वाफ्यात बी पडतं, वर मायेने मातीचा थर दिला जातो आणि महिना उलटला तरी काही उगवत नाही. खापर बियाण्यावर फुटतं. माझं म्हणणं असं की चूक त्या पाटीत आहे. फॉक्सग्लव्ह सावली सोसतं, पण त्याचा जन्म उजेडात व्हावा लागतो. सावलीच्या बागेत ते बियांपासून वाढवायचं असेल तर आधी सावलीला कुठेतरी खिंडार पाडावं लागतं.

हे झाड मुळात राहतं कुठे, ते पाहू. पश्चिम युरोप आणि ब्रिटन हे त्याचं घर. आम्लधर्मी, पाणी न साचणारी माती त्याला आवडते. रानात ते दाट झाडीच्या पोटात दिसत नाही. कुंपणाचे बांध, पायवाटांच्या कडा, पडक्या भिंतींचा पायथा, आणि सगळ्यात जास्त म्हणजे झाडं नुकतीच तोडलेली मोकळी जागा, ही त्याची ठिकाणं. वेल्समधल्या टेकड्यांवर सूचिपर्णी झाडांची लागवड कापून नेली की दोनेक वर्षांत तो उतार जांभळा होतो आणि पुढच्या काही वर्षांत काटेरी झुडपं नि बर्चची रोपं वर आली की पुन्हा ओस पडतो. 1987च्या ऑक्टोबरमधल्या वादळात दक्षिण इंग्लंडमध्ये सुमारे दीड कोटी झाडं उन्मळून पडली, तेव्हा त्या उघड्या पडलेल्या जागांवरही फॉक्सग्लव्ह उसळून आलं. ही झाडं बाहेरून आली नव्हती. त्यांचं बी मातीत वर्षानुवर्षं जिवंत पडून राहतं आणि उजेडाची वाट बघतं. उजेडही कोणताही चालत नाही. पानांतून गाळून येणाऱ्या प्रकाशातला लाल भाग पानांनीच शोषून घेतलेला असतो. त्या उरलेल्या प्रकाशावरून डोक्यावर छत आहे हे बियाला कळतं आणि ते उगवायचं टाळतं. त्याचा आकार पाहता हे शहाणपणच आहे. एका ग्रॅममध्ये हजारोंनी मावणाऱ्या बियात शिदोरी ती किती असणार? पहिली दोन पानं फुटताच त्याला स्वतःचं पोट स्वतः भरावं लागतं. मातीच्या थराखाली किंवा दाट सावलीत ते जमणार नाही, म्हणून ते तिथे प्रयत्नच करत नाही.

यावर कोणी म्हणेल, की आमच्या ओक झाडाखाली तर ते न पेरता उगवतं, मग हे कसं? प्रश्न रास्त आहे. उत्तर ओकच्या पानगळीत आहे. फॉक्सग्लव्ह पहिल्या वर्षी फुलत नाही. जमिनीलगत मऊ, लवदार पानांचा गोल झुबका करून बसतं आणि ती पानं हिवाळ्यातही हिरवी ठेवतं. नोव्हेंबर ते एप्रिल वरची फांदी न् फांदी उघडी असते, आणि तेवढ्या काळात हा झुबका आपलं भांडवल जमवतो. म्हणजे ज्याला आपण सावली म्हणतो ती त्याच्या दृष्टीने सहा महिन्यांची असते. बारमाही हिरव्या सूचिपर्णी कुंपणाच्या बुडाशी हा हिशेब जमत नाही; तिथे आणून लावलेलं रोपही खुरटतं. दुसरी गोष्ट म्हणजे फुलायला थंडी लागते, पण थंडी लागू होण्यासाठी झुबका आधी पुरेसा मोठा असावा लागतो. दाट सावलीत तो पहिल्या हिवाळ्यापर्यंत तेवढा वाढत नाही, म्हणून फूल आणखी एक वर्ष पुढे जातं, कधी दोन. ‘द्विवर्षायू’ हा शब्द पुस्तकात ठीक आहे. झाड वर्षं मोजत नाही, आपली ऐपत पाहतं. (सात-आठ वर्षांनी फुलणाऱ्या कारवीसाठी पावसात डोंगर चढणाऱ्यांनी दोन वर्षांची कुरकुर करू नये, हे जाता जाता.)

तेव्हा पेरणी कशी करावी हे वेगळं सांगावंच लागत नाही, ते यातूनच निघतं. मेअखेर ते जुलै हा काळ, आणि जागा बागेतल्या त्यातल्या त्यात उजेडाच्या कोपऱ्यातला ट्रे. बी इतकं बारीक की चिमटीत धरलं तर पन्नास-शंभर एकाच जागी पडतात. आपल्याकडे तीळ पेरताना बियांत वाळू मिसळतात, तीच युक्ती इथे करावी: कोरड्या बारीक वाळूत बी कालवून पसरावं आणि वर मातीचा कणही टाकू नये, फक्त तळहाताने हलकेच दाबावं. पाणी झारीने घातलं तर बी वाहून एका कडेला जमतं, म्हणून ट्रे पाण्यात ठेवून खालून माती भिजू द्यावी. पंधरा ते वीस अंश सेल्सिअसला दोन-तीन आठवड्यांत हिरवी बुरशी धरल्यासारखं काहीतरी दिसू लागतं. ती रोपं असतात. इथे हात आखडू नये, विरळणी करावी. हाताळण्याजोगी झाली की एकेक रोप छोट्या कुंडीत, आणि सप्टेंबरमध्ये माती अजून उबदार असताना त्या सावलीच्या वाफ्यात, हात-दीड हात अंतरावर. जन्म उजेडात आणि संसार सावलीत, अशी ही वाटणी आहे. ज्यांना पांढरी फुलं हवीत त्यांनी या टप्प्यावर पानांचे देठ उलटून पाहावेत. देठावर किंवा पानाच्या मधल्या शिरेवर जांभळट झाक असेल तर फूल जांभळं येणार. स्वच्छ हिरवा देठ बहुधा पांढऱ्याचा. गर्ट्रूड जेकिल या विख्यात बागरचनाकार बाईंनी सरे परगण्यातल्या आपल्या मन्स्टेड वुडमध्ये झाडीच्या कडेला पांढरी फॉक्सग्लव्ह लावली होती आणि सावलीत पांढरा रंग किती लांबून दिसतो हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. पण पांढरा वाण पांढरा राहत नाही, त्याला भुंगे जबाबदार आहेत. फुलं खालून वर उमलत जातात, त्यामुळे खालची फुलं जुनी, परागकण देऊन मोकळी झालेली आणि आता ते स्वीकारायला तयार; वरची नवी, परागकणांनी भरलेली. लांब जिभेचा भुंगा खालून सुरुवात करून वर चढतो, वरच्या फुलातून अंगभर पराग घेऊन उडतो आणि पुढच्या झाडावर पुन्हा तळाशी उतरतो. स्वतःचे पराग स्वतःलाच पडण्याऐवजी शेजाऱ्याला पोचतात. शेजारी जांभळा असला की पुढची पिढी जांभळ्याकडे झुकते.

आता सगळ्यात जोरकस आक्षेप. गेली काही वर्षं इंग्लंडच्या बागकामात दोन गोष्टी धर्माज्ञेसारख्या झाल्या आहेत: जमीन खणायची नाही, आणि उघडी ठेवायची नाही, सालींच्या चुऱ्याचं जाड आच्छादन सगळीकडे पसरायचं. त्यामागची कारणं खरी आहेत. ओल टिकते, तण दबतं, मातीतले जीव सुखी राहतात. पण ज्या आच्छादनाने तण दबतं त्यानेच फॉक्सग्लव्हही दबतं, कारण उगवण्याच्या बाबतीत ते तणच आहे. ‘आमच्याकडे पूर्वी आपोआप यायचं, आता येत नाही’ ही तक्रार जिथे ऐकू येते तिथे आधी जमिनीवर काय पसरलंय ते पाहावं. यासाठी कुदळ नको, खणणं तर मुळीच नको. आच्छादन हाताने बाजूला सारून सुपाएवढी जागा दाताळ्याने वरवर खरवडली तरी पुरे. सगळी बाग झाका, पण एवढा तुकडा उघडा सोडा, इतकीच तडजोड आहे.

मे-जूनमध्ये फुलावर आलेलं झाड कुंडीत तयार मिळत असताना हा खटाटोप का, असंही विचारलं जातं. ज्याला एका समारंभापुरतं हवंय त्याने खुशाल आणावं. मात्र आपण आयुष्याच्या शेवटच्या महिन्यांतलं झाड विकत घेतोय हे लक्षात असावं. बी धरलं की ते बहुतेक वेळा मरतं. काही नव्या संकरित जातींना तर बीच धरत नाही. पहिल्याच वर्षी फुलणारी ‘फॉक्सी’सारखी वाणं आहेत, ती घाईच्या माणसांसाठी ठीक, दांडा बेताचा आणि तोराही बेताचाच.

विषाचा मुद्दा मी हलका करणार नाही. झाडाचा प्रत्येक भाग विषारी आहे आणि ते विष थेट हृदयावर चालतं. बर्मिंगहॅमच्या विल्यम विदरिंग या डॉक्टराने श्रॉपशरमधल्या एका बाईच्या जलोदरावरच्या काढ्यातल्या वीसेक वनस्पतींतून गुण फॉक्सग्लव्हचा आहे हे ताडलं आणि 1785 साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्याचा बराचसा भर मात्रा किती द्यावी आणि कधी थांबावं यावर आहे. आज हृदयरोग्यांना दिलं जाणारं डिगॉक्सिन याच्या लवदार भावंडापासून 1930 साली वेगळं केलं गेलं, आणि भारतातही काश्मीर, निलगिरी, दार्जिलिंगकडे औषधासाठी याची लागवड झाली आहे. खरा धोका फुलांच्या दिवसांत नसतो, तेव्हा कोणीही ओळखतं. धोका पहिल्या वर्षीच्या त्या निनावी झुबक्याचा आहे. त्याची पानं कॉम्फ्री या औषधी वनस्पतीची समजून तोडली गेल्याने माणसं आजारी पडली आहेत, दगावलीही आहेत. म्हणून भाजीच्या वाफ्याजवळ ते नको, नावाची पाटी हवी, हात लावताना हातमोजे हवेत. रांगतं मूल असलेल्या घराने चार वर्षं थांबावं. बियांचं काही बिघडत नाही.

राहता राहिला सातत्याचा प्रश्न. एकदाच पेरलं तर एक वर्ष फुलांचं आणि एक नुसत्या पानांचं, असं होत राहतं. लागोपाठ दोन उन्हाळे पेरलं की दोन पिढ्या आलटून पालटून फुलू लागतात. फुलं ओसरल्यावर सगळे दांडे कापू नयेत, दोन-तीन ठेवावेत. ऑगस्टमध्ये बोंडं खालून वर तपकिरी होतात आणि टोकाशी उकलतात. तोंड वर असल्याने बी आपसूक सांडत नाही, वारा दांडा हलवतो तेव्हा थोडं थोडं उडतं, तेही फार लांब नाही, बहुतेक आईच्याच पायाशी. तिथे आधीच गर्दी असते. म्हणून बी उडण्याआधीच दांडा कागदी पिशवीत उलटा करून झटकावा, निम्मं बी पुढच्या मेसाठी कोरड्या जागी ठेवावं, आणि निम्मं त्याच संध्याकाळी खरवडलेल्या उघड्या मातीवर, वर काहीही न टाकता, उधळून द्यावं.