टाकीतलं शिळं पाणी

मंडळी, या शनिवारी जरा तांत्रिक बडबड. जावावाले नसाल तरी वाचा, गोष्ट तशी घरगुतीच आहे.

मी वाढलो सोलापुरात. नळाला चार-चार दिवसांनी पाणी यायचं, म्हणून घरोघरी टाकी. कनेक्शन पूल म्हणजे हेच हो! दर वेळी डेटाबेसशी नवीन कनेक्शन उघडणं महाग पडतं, म्हणून काही आधीच उघडून ठेवायची, वापरायची आणि परत टाकीत. हा सगळा कारभार डेटासोर्स बघतो.

आता आमचा पराक्रम ऐका. एका टॉवेलच्या व्यापाऱ्यांना मी बिलिंगचं सॉफ्टवेअर करून दिलं होतं. टॉमकॅट ७ आणि मायएसक्यूएल. रोज सकाळी पहिलं बिल हमखास फेल, परत केलं की ओके. मालक म्हणायचे, "तुमच्या कॉम्प्युटरला पण सकाळी चहा लागतो काय?" मी शहाण्यासारखा पूल वाढवला. पाचाचे वीस, तेही सुरुवातीलाच उघडून. त्रास कमी व्हायच्या ऐवजी वाढला!

कारण साधं होतं. मायएसक्यूएल रिकामं बसलेलं कनेक्शन २८,८०० सेकंदांनी, म्हणजे ८ तासांनी, तोडून टाकतो. दुकान रात्री ९ ला बंद, सकाळी १० ला सुरू. तेरा तास. टाकी भरलेली, पण पाणी शिळं. मी फक्त टाकी मोठी केली होती. शेवटी कॉन्फिगरेशनमध्ये व्हॅलिडेशन क्वेरीची एक ओळ घातली, म्हणजे कनेक्शन देण्याआधी ते जिवंत आहे का हे तपासायचं. संपलं.

माझं म्हणणं एवढंच, की 'मॅक्स वाढव' हे औषध नाही. ॲप्लिकेशनच्या चार प्रती आणि प्रत्येकीत ५० चा पूल म्हणजे झाले २००. मायएसक्यूएलची डिफॉल्ट मर्यादा १५१. करा हिशोब! २०१८ च्या स्प्रिंग बूट २ पासून हिकारी आपोआप मिळतो, तो १० कनेक्शनवर थांबतो आणि जिवंतपणाही तपासतो. छानच आहे, पण त्यामुळे सेटिंग उघडून बघायची सवयच गेली. कोडमध्ये कनेक्शन घेऊन परत करायला विसरलात तर दहाच्या दहा संपतात, आणि अकरावा ३० सेकंद ताटकळून एरर खातो. तिथे हिकारी तरी काय करणार?

असो. मालकांनी तोवर कॉम्प्युटरशेजारी हाताने लिहायचं बिलबुक ठेवलं होतं. एरर एका ओळीत गेली. बिलबुक हलायला तीन महिने लागले.