रक्तवाहिन्यांची गाठ : सुईने उपचार शक्य, निदानाचे काय?

छत्रपती संभाजीनगर - लहान मुलाच्या ओठावर, गालावर किंवा पायावर निळसर, मऊ सूज दिसते. दाबल्यास ती बसते. मूल रडले वा खाली वाकले की फुगते. घरचे जन्मखूण समजून दुर्लक्ष करतात. साधी गाठ समजून शस्त्रक्रिया केल्यास रक्तस्राव आवरणे कठीण होते. ‘व्हीनस मालफॉर्मेशन’, म्हणजे नीलांची ही जन्मजात विकृती आहे.

खरा घोळ निदानात होतो. तान्ह्या बाळांमधील ‘हिमँजिओमा’ पहिल्या वर्षात झपाट्याने वाढतो आणि नंतर हळूहळू ओसरतो. नीलांची विकृती मात्र ओसरत नाही. ती मुलासोबत वाढते आणि वयात येताना किंवा गर्भारपणात अधिक त्रास देते. मुलिकन व ग्लोवाकी यांनी 1982 मध्येच हा भेद स्पष्ट केला. तरीही ‘वयाबरोबर जाईल’ हा सल्ला दोन्ही विकारांसाठी सर्रास दिला जातो.

सोनोग्राफी व एमआरआयने निदान पक्के झाल्यावर ‘स्क्लेरोथेरपी’चा मार्ग खुला होतो. पडद्यावर पाहत सुईने विकृत वाहिनीत सोडियम टेट्राडेसिल सल्फेट, पॉलिडोकॅनॉल किंवा ब्लिओमायसिनसारखे औषध सोडतात. वाहिनीचे आतील अस्तर निकामी होऊन ती आक्रसते. मोठी चिरफाड टळते. मात्र काही आठवड्यांच्या अंतराने हा उपचार अनेकदा करावा लागतो. सूज, त्वचेला जखम, क्वचित मज्जातंतूला इजा असे धोकेही आहेत. गाठ समूळ जाईलच असे नाही. वेदना व आकार कमी करणे हे उद्दिष्ट असते.

येथेच मराठवाड्याचा प्रश्न उभा राहतो. हे काम करणारे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट प्रामुख्याने महानगरांत एकवटले आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारखी योजना उपचाराच्या खर्चाचा विचार करते. मुंबई-पुण्याच्या प्रत्येक खेपेत बुडणाऱ्या मजुरीचा नाही. उपचार अर्धवट सुटले, तर गाठ पुन्हा वाढू शकते.

1956 पासून मराठवाड्याचा आधार असलेल्या घाटी रुग्णालयात क्ष-किरण, बालशल्य, प्लास्टिक सर्जरी व त्वचारोग तज्ज्ञांनी ठरावीक दिवशी असे रुग्ण एकत्र तपासले, तर चुकीची शस्त्रक्रिया आणि वाया जाणारी वर्षे दोन्ही टळतील. त्यासाठी नवी इमारत नको. प्रशिक्षित मनुष्यबळ आणि औषधांचा नियमित पुरवठा हवा.