अंगावरचा काटा आणि खंजिरीचा ठेका

संगीत ऐकताना अंगावर काटा येणे, कंठ दाटणे, डोळे पाणावणे हे सारे भारतीय परंपरेने शास्त्राच्या पातळीवर नोंदवून ठेवले आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत: स्तंभ म्हणजे शरीर जागच्या जागी खिळणे, स्वेद म्हणजे घाम, रोमांच म्हणजे काटा, स्वरभंग म्हणजे आवाज फाटणे, वेपथू म्हणजे कंप, वैवर्ण्य म्हणजे चेहऱ्याचा रंग पालटणे, आणि त्यांच्या जोडीला अश्रू व प्रलय, म्हणजे भान हरपणे. नाट्यशास्त्रात हे भाव नटाच्या अभिनयासाठी येतात. भक्तिपरंपरेने ते ऐकणाऱ्याच्या देहात पाहिले, आणि ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या अखेरीस श्रीकृष्णार्जुनांचा संवाद सांगणाऱ्या संजयाची अवस्था याच भावांनी रंगवली आहे.

यवतमाळ जिल्ह्यात या भावांचे दर्शन घडते ते गावोगावच्या खंजिरी भजनात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) हे छोटे वाद्य, म्हणजे एका बाजूने चामडे मढवलेले आणि खाचांत पितळी चकत्या बसवलेले लाकडी कडे, विदर्भाच्या खेड्यापाड्यांत लोकजागृतीचे साधन केले. भजनाची घडण साधी असली तरी तिच्यात ऐकणाऱ्याच्या शरीराची नेमकी जाण आहे. मुख्य गायक धृपद सावकाश म्हणतो, मंडळी ते झेलतात, प्रत्येक फेरीला लय थोडी चढते, टाळ्या दाट होतात, आणि लय पुरती चढली असताना खंजिरी एकाएकी थांबते. गायक एकटाच ओळ लांबवत राहतो, ऐकणाऱ्याचा श्वास तिथेच अडकतो, आणि मग समेवर खंजिरी, टाळ व सारे गळे एकदम कोसळतात. काटा बहुधा याच सांध्यावर येतो.

असे का होते, याचे बरेचसे उत्तर आता मिळाले आहे. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक बारीक स्नायू असतो आणि तो अनुकंपी चेतासंस्थेच्या, म्हणजे भीती व थंडीच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या मज्जाव्यवस्थेच्या, हुकमाने आकुंचन पावतो. संगीतातही केस उभे करणारी यंत्रणा तीच. व्हॅलोरी सालिमपूर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, आवडते संगीत ऐकताना डोपामिन हे सुखाशी व ओढीशी जोडलेले रसायन कळसाच्या क्षणी तर स्रवतेच, पण त्याच्या आधी, कळसाची वाट पाहतानाही, मेंदूच्या वेगळ्या भागात स्रवते. श्रोत्यांनी त्या प्रयोगासाठी आपापले ओळखीचे संगीत निवडले होते, हे येथे महत्त्वाचे आहे, कारण वाट पाहायची तर पुढे काय येणार हे ठाऊक असावे लागते. भजन गावाला पाठ असते आणि तीच त्याची ताकद आहे. खंजिरी थांबते तेव्हा समेची ओढ सगळ्या मंडळींना एकाच वेळी लागते.

हे सर्वांनाच होते असे मात्र नाही. स्पेनमधील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले की, काही निरोगी माणसांना इतर गोष्टींत आनंद मिळत असूनही संगीतातून तो मिळत नाही. म्हणून भजनात ज्याचे डोळे कोरडे राहिले त्याची भक्ती कोरडी ठरवणे हा त्या माणसावर अन्याय आहे.

अलीकडे मिरवणुकांत डीजेच्या भिंतीसमोर छातीत होणाऱ्या धडधडीलाही रोमांच म्हटले जाते. ती मुख्यतः खर्जातल्या ध्वनिलहरींनी शरीराला दिलेली थरथर आहे. तिला वाट पाहावी लागत नाही, ओळख लागत नाही, आणि कानांतील संवेदनपेशींची त्यात होणारी हानी भरून येत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. यवतमाळचा दुर्गोत्सव विदर्भात नावाजलेला आहे. त्याच्या मंडळांनी नऊ रात्रींपैकी किमान एक रात्र आसपासच्या खेड्यांतील खंजिरी भजनाला, तीही ध्वनिक्षेपकाविना, द्यावी आणि श्रोत्यांना गायकांच्या अगदी जवळ बसवावे.