गाणाऱ्यांची गणना

अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या उत्तर भागात, रेताड जमिनीवर, जॅक पाईन या सूचिपर्णी वृक्षाची वने आहेत. किर्टलँड वॉर्बलर हा निळसर करड्या पाठीचा, पिवळ्या पोटाचा चिमुकला पक्षी बहामा बेटांवर हिवाळा काढून विणीसाठी येथे येतो. त्याला हवी असतात साधारण पाच ते वीस वर्षांची झाडे. भूमीला टेकलेल्या त्यांच्या फांद्यांच्या आडोशाला तो जमिनीवरच घरटे बांधतो. झाडे वाढून खालच्या फांद्या वाळल्या की तो ते रान सोडून जातो.

मादी अबोल असते आणि घरटे गवतात दडलेले. म्हणून गणना होते ती गाणाऱ्या नरांची. जून महिन्यात सकाळच्या वेळी गणक ठरलेल्या समांतर रेषांवरून चालतात, थांबून कान देतात आणि गाणे ज्या दिशेने आले ती नकाशावर नोंदवितात. शेजारच्या रेषेवरील सहकाऱ्याच्या नोंदीशी ती ताडून पाहतात, म्हणजे एकच नर दोनदा मोजला जात नाही. प्रत्येक गाणाऱ्या नरामागे एक जोडी धरली जाते. या साऱ्यात घरट्याला हात लावावा लागत नाही.

१९५१ च्या पहिल्या गणनेत ४३२ नर आढळले. १९७१ मध्ये केवळ २०१. दोन कारणे पुढे आली. जॅक पाईनची राळेने मिटलेली फळे आगीच्या धगीने उघडतात. वणवे विझवू लागल्यावर कोवळी राने उगवेनाशी झाली. शिवाय काऊबर्ड हा पक्षी कोकिळेप्रमाणे आपली अंडी वॉर्बलरच्या घरट्यात घालीत असे. १९७२ पासून काऊबर्ड सापळ्यांत धरून मारण्यात येऊ लागले. घसरण थांबली, परंतु संख्या वाढली नाही. १९८७ च्या गणनेत १६७ नरच मिळाले.

दरम्यान मे १९८० मध्ये वनखात्याने हेतुपूर्वक लावलेली आग आवाक्याबाहेर गेली. सुमारे २४ हजार एकर रान जळाले, एका वनकर्मचाऱ्याचा प्राण गेला. मात्र त्या राखेतून उगवलेली झाडे दशकभराने योग्य वयाची झाली आणि गणकांच्या कानी तेथूनच अधिकाधिक गाणी येऊ लागली. उणीव कोवळ्या रानाची होती, हे गणनेने दाखविले.

आता वनाधिकारी जुनी झाडे टप्प्याटप्प्याने तोडून, मधूनमधून मोकळी जागा राखीत, नवी रोपे लावतात. २००१ मध्ये जोड्यांची संख्या हजारापुढे गेली आणि २०१९ मध्ये हा पक्षी संकटग्रस्तांच्या यादीतून वगळण्यात आला. २०२१ मध्ये सुमारे २,२४५ जोड्या होत्या. सापळे २०१८ मध्ये थांबविले, तरी घरट्यांत काऊबर्डची अंडी क्वचितच सापडली.

तरीही हे यश एकदा मिळवून ठेवण्याजोगे नाही. आजची कोवळी झाडे पंधरा-वीस वर्षांत त्याच्या कामाची राहणार नाहीत. तेव्हा नवी लागवड तयार आहे की नाही, याचे उत्तर जूनमधील त्या सकाळीच मिळेल.