खिडकीच नाही, तर कूलर लावायचा कुठे?

विधानसभा रस्त्यावरच्या एका नव्या गृहप्रकल्पाचं माहितीपत्रक या आठवड्यात हाती आलं. दाराला बोटाच्या ठशाचं कुलूप, फोनवरून चालणारा गीझर, हाक मारली की लागणारे दिवे, अशी पानभर यादी. नकाशा नीट पाहिला आणि डोकं तापलं. झोपायच्या खोलीला एकच सरकती काच. तिच्याबाहेर ना स्टँडला जागा, ना पाण्याचा नळ. विक्रीवाल्या मुलाला फोन केला, कूलर कुठे बसेल म्हणून विचारलं. तो म्हणाला, “कूलर आजकल कौन लगाता है, सर? एसी का पॉइंट दिया है ना.”

रायपुरात कूलर कोण लावतं! मार्च संपता संपता तात्यापाऱ्यापासून टाटीबंधपर्यंत कुठल्याही गल्लीत जा. गच्चीवरून कूलर उतरवलेले दिसतील, जुन्या ताट्या काढून नव्या भरल्या जात असतील, मोटरीत तेल पडत असेल. हे शहर असं उन्हाळ्याला सामोरं जातं. स्मार्ट मीटरवरच्या लेखात मी म्हटलं होतं की घर किती नवं ते यंत्राच्या वयावरून ठरवू नका, ते यंत्र आपल्या हवेत काय करतं ते पाहा. त्यावर मला बरंच ऐकावं लागलं. आता हे माहितीपत्रकच माझी बाजू मांडतं आहे, म्हणून आज फक्त कूलर आणि एसी.

सुरुवात वयापासूनच करू, कारण आक्षेप तिथेच आहे. वाळ्याच्या ताट्या दारात लावून त्यांवर पाणी शिंपडायची रीत अकबराच्या काळातली. पुढे इंग्रजांच्या बंगल्यांत त्या ताट्यांमागे हाताने फिरवायचा पंखा बसला. आपला कूलर त्याच घराण्यातला, हे मान्य. पण एसीही काल जन्मलेला नाही. विलिस कॅरियरने तो १९०२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी आखला. तिथल्या दमट हवेत कागद फुगायचा आणि एकावर एक छापलेले रंग सरकायचे. हवेतला ओलावा काढून टाकणं हे त्या यंत्राचं पहिलं काम होतं. आणि आपण ते विकत घेतो रायपूरच्या मे महिन्यासाठी, जेव्हा दुपारची हवा इतकी कोरडी असते की दोरीवरचा टॉवेल अर्ध्या तासात कडक होतो!

हा कोरडेपणाच कूलरचं इंधन आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते सुमारे दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता हवेतून ओढून घेतं. मोठा कूलर भर दुपारी तासाला आठ-दहा लिटर पाणी सहज उडवतो, म्हणजे पाच-सहा युनिटांइतकी उष्णता खातो. दीड टनाचा एसी तासाला साधारण तेवढंच काम करतो. फरक खर्चात आहे. पंखा आणि पंप मिळून कूलरला दोनशे वॉटच्या आसपास लागतात. पूर्ण जोरात चालणाऱ्या एसीला दीड हजार. ताट्या चांगल्या असल्या तर बाहेरची ४४ अंशांची हवा तिशीच्या खाली उतरून आत येते. शिवाय ती ताजी असते, दार उघडं ठेवता येतं. एसी मात्र खोलीतली उष्णता, आणि स्वतः खाल्लेल्या विजेचीही, शेजाऱ्याच्या खिडकीसमोर ओततो.

“पण कूलर पाणी पितो,” हा प्रश्न नेहमी येतो, आणि तो खरा आहे. खारून उन्हाळ्यात आटते, गंगरेलचं पाणी कालव्याने आणावं लागतं, कित्येक वस्त्यांत टँकर फिरतात. अशा शहरात दहा लिटरचा हिशेब द्यायलाच हवा. पण मग एसीचाही द्या. आपली बहुतेक वीज कोळशाची, कोरब्याकडची. केंद्र सरकारने २०१५ मध्ये जुन्या औष्णिक केंद्रांना पाण्याची मर्यादा घालून दिली, ती युनिटमागे साडेतीन लिटर. दीड युनिट म्हणजे पाच लिटरांच्या आसपास पाणी, आणि वर किलोभर कोळसा. ते पाणी हसदेवचं. आपल्या टाकीतून जात नाही म्हणून ते आपल्याला दिसत नाही, एवढंच. पाणी कूलरलाच जास्त लागतं, हे मी नाकारत नाही. पण एसी कोरडा आहे, हे कुणी सांगू नये.

आता बिल. ४०० युनिटांपर्यंत अर्धं बिल ही सवलत २०१९ मध्ये आली, ऑगस्ट २०२५ मध्ये १०० युनिटांवर आणली गेली, नंतर २०० करण्यात आली. रात्रीचे आठ तास एसी चालवला, कॉम्प्रेसर मध्ये मध्ये थांबतो हे धरलं, तरी महिन्याला अडीचशेच्या आसपास युनिटं एकटा तो खातो. तेवढाच वेळ चाललेला कूलर पन्नासच्या आत राहतो.

दुरुस्तीबद्दल मी पुन्हा लिहिणार, हे वाचकांनी ओळखलंच असेल. कूलरमध्ये मोटर, पंप, ताट्या आणि पत्र्याची पेटी, एवढंच असतं. पंप जळला तर कोपऱ्यावरच्या दुकानात काही शे रुपयांत नवा मिळतो आणि घरातला कॉलेजातला मुलगा तो बसवतो. एसीचा बोर्ड गेला की ‘पूरा बदलना पड़ेगा’. रविभवनात फोनचे याहून नाजूक बोर्ड रोज दुरुस्त होतात, मग एसीचा का होऊ नये? माझं ठाम मत आहे की तो होऊ शकतो, कंपन्यांना तो व्हायला नको आहे. केंद्राने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ काढलं. त्याचा उपयोग होऊन बोर्ड दुरुस्त झालेलं एकही घर मला अजून भेटलेलं नाही.

कूलरचे दोष मला ठाऊक आहेत. जूनच्या मध्यानंतर पाऊस लागला की तो नुसता चिकचिकाट करतो. तेव्हा ज्याला परवडतं त्याने एसी लावावा, म्हाताऱ्या आजारी माणसांच्या खोलीत तर जरूर लावावा. टाकी आठवड्याला रिकामी करून घासली नाही तर डासांची पैदास होते, आणि २०१८ मध्ये भिलाईत डेंग्यूने काय केलं ते आपण विसरलेलो नाही. पण हे दोष वापरणाऱ्याच्या हातातले आहेत. खिडकीच बांधली नाही तर त्याच्या हातात काही उरतच नाही. एसी न परवडणारा भाडेकरू त्या खोलीत मे महिना कसा काढणार, हा विचार नकाशा आखताना कुणीच केलेला नाही. आणि दुपारी वीज गेली की उघडायला सरकती अर्धी काच!

नव्या रायपुरात आणि शहराच्या कडेला अजून हजारो घरं उभी राहणार आहेत. प्रत्येक झोपायच्या खोलीला कूलर पेलणारी एक खिडकी, तिच्याखाली मजबूत कट्टा आणि टाकी भरायला नळ, ही अट गृहनिर्माण मंडळाने आधी स्वतःच्या घरांना लावावी आणि महापालिकेने नकाशा मंजूर करताना मागावी. ज्यांचं बुकिंग या महिन्यात ठरलं आहे त्यांनी धनादेश देण्याआधी तो नकाशा मागून घ्यावा, खिडकीचं माप विचारावं आणि उत्तर लेखी घ्यावं.