त्रिपुरा : विलीनीकरणाचा करार आणि एकात्मतेचे अपुरे कार्य

संस्थानांच्या विलीनीकरणाचा इतिहास बहुधा करारांचा आणि सह्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कोणत्या राजाने केव्हा सही केली, दिल्लीहून कोण गेले, सैन्य कधी हलले, एवढे नोंदवले की राष्ट्र घडले असे मानण्याची सत्ताधारी वर्गाच्या इतिहासलेखनाची रीत आहे. त्या इतिहासात संस्थानातील रयत क्वचितच दिसते. देशाच्या ईशान्य सीमेवरील त्रिपुराचा अनुभव या रीतीचा फोलपणा उघड करतो.

त्रिपुराच्या विलीनीकरणाच्या करारावर ९ सप्टेंबर १९४९ रोजी राजप्रतिनिधी महाराणी कांचनप्रभा देवी यांनी सही केली आणि १५ ऑक्टोबर १९४९ पासून तो अमलात आला. प्रदेशाचे सामिलीकरण एका दिवसात आटोपले. परंतु तिथल्या जनतेला लोकनियुक्त विधानसभा मिळण्यासाठी १९६३ साल उजाडावे लागले. पूर्ण राज्याचा दर्जा १९७२ मध्ये मिळाला, कोकबोरोक भाषेला राज्यभाषेचे स्थान १९७९ मध्ये मिळाले आणि आदिवासी भागाच्या स्वायत्त जिल्हा परिषदेला घटनेच्या सहाव्या अनुसूचीचे संरक्षण १ एप्रिल १९८५ पासून लाभले. सही आणि संरक्षण यांच्यामध्ये पस्तीस वर्षे गेली. सीमेवरचा बहुभाषिक प्रदेश राष्ट्रात खऱ्या अर्थाने केव्हा सामील होतो, याचे उत्तर या पस्तीस वर्षांत शोधले पाहिजे. जमीन, भाषा आणि स्वशासन या तीन गोष्टींची हमी जेवढी मिळाली तेवढीच एकात्मता साधली. आणि ती हमी दोन्ही भाषांच्या कष्टकऱ्यांनी एकत्र येऊन झगडूनच मिळवली.

फाळणीने कोंडलेला प्रदेश

माणिक्य घराण्याचे राज्य डोंगराळ होते, पण राजाच्या उत्पन्नाचा मोठा आधार मैदानात होता. कोमिल्ला, नोआखाली व सिल्हेट भागातील ‘चकला रोशनाबाद’ ही त्याची जमीनदारी ब्रिटिश हद्दीत मोडत असे. फाळणीत ती पाकिस्तानात गेली. आगरतळ्याहून अवघ्या काही किलोमीटरवर असलेले आखौडा रेल्वे स्थानकही सीमेपलीकडे राहिले. तिन्ही बाजूंनी सुमारे साडेआठशे किलोमीटरची आंतरराष्ट्रीय सीमा आणि उर्वरित भारताशी जोडणारी आसामकडची एक अरुंद वाट, अशी त्रिपुराची कोंडी झाली. आगरतळ्यापर्यंत रेल्वे पोहोचली ती २००८ साली, आणि आखौड्याशी रुळांचा दुवा जोडला गेला तो २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये.

या प्रदेशात त्रिपुरी, रियांग, जमातिया, नोआतिया, हालाम, चकमा, मोग अशा एकोणीस जमाती राहतात. त्यांपैकी बहुसंख्यांची भाषा कोकबोरोक. बंगाली शेतकरी येथे फाळणीपूर्वीही होते. झूमच्या फिरत्या शेतीतून पुरेसा सारा मिळत नाही म्हणून राजांनीच मैदानातील नांगरट्या शेतकऱ्यांना जमिनी देऊन वसवले होते. दरबाराची भाषा पिढ्यान् पिढ्या बंगाली होती. प्रजेच्या कोकबोरोकला कचेरीत वा शाळेत स्थान नव्हते. दोन भाषांमधील ही विषमता एका भाषेच्या लोकांनी दुसऱ्यांवर लादलेली नव्हती. सरंजामी महसुलाच्या गरजेतून ती जन्मली होती. पुढील काळातील सर्व वितंडवादात नेमकी हीच गोष्ट विसरली गेली.

जनशिक्षेपासून गणमुक्तीपर्यंत

१९४५ साली ठाणे जिल्ह्यात किसान सभेच्या झेंड्याखाली शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाने वारली आदिवासी वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले, हे महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये, देशाच्या दुसऱ्या टोकाला, दशरथ देव, सुधन्वा देववर्मा, हेमंत देववर्मा, अघोर देववर्मा आदी सुशिक्षित आदिवासी तरुणांनी ‘जनशिक्षा समिती’ स्थापन केली. संस्थानाने ज्या डोंगरांत शाळा पोहोचवल्या नव्हत्या, तेथे गावकऱ्यांच्या श्रमदानाने आणि धान्याच्या वर्गणीने चारशेहून अधिक शाळा उभ्या राहिल्या. निरक्षर प्रजेला कर्जाचा कागद वाचता येऊ लागणे ही सावकाराच्या व सरंजामदाराच्या दृष्टीने क्रांतीच होती.

त्रिपुरातील वेठीचे नाव ‘तितून’. सरकारी अंमलदार डोंगरात आला की त्याचे सामान गावकऱ्यांनी विनामोबदला वाहायचे. सोबत ‘दादन’ची पद्धत होती : अडचणीच्या दिवसांत सावकाराने आगाऊ रक्कम द्यायची आणि उभे पीक कवडीमोलाने उचलायचे. शाळांतून जागा झालेला माणूस या दोन्ही प्रथांना आव्हान देणार हे उघडच होते. १९४८ मध्ये ‘गणमुक्ती परिषद’ स्थापन झाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गोलाघाटी येथे शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. २८ मार्च १९४९ रोजी खोवाई भागातील पद्मबिल येथे तितूनला नकार देणाऱ्या जमावावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि कुमारी, मधुती व रूपश्री या तीन आदिवासी स्त्रिया हुतात्मा झाल्या. देश स्वतंत्र होऊन दीड वर्ष उलटले होते. स्वातंत्र्याचा पहिला अनुभव या डोंगरांना लष्करी मोहिमेच्या रूपाने आला.

गणमुक्ती परिषदेची मागणी भारतातून फुटण्याची नव्हती. तिला जबाबदार राज्यपद्धती हवी होती, वेठ बंद व्हायला हवी होती. विलीनीकरणाने राजेशाही संपवली, पण तिच्या जागी दिल्लीने नेमलेला मुख्य आयुक्त आला. तरीही १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत त्रिपुराच्या दोन्ही लोकसभा जागांवर कम्युनिस्ट उमेदवार निवडून आले : आदिवासी दशरथ देव आणि बंगाली वीरेन दत्त. दशरथ देव तेव्हा भूमिगत होते. ज्यांना राज्यकर्ते बंडखोर म्हणत होते, त्यांनीच डोंगरातील जनतेला भारताच्या संसदेच्या दारापर्यंत आणले. एकात्मतेची याहून मोठी कृती त्या काळात दुसऱ्या कोणी केल्याचे दिसत नाही.

जमीन आणि निर्वासित

दुसरीकडे फाळणीने घरदार गमावलेल्या पूर्व बंगालच्या जनतेचे लोंढे त्रिपुरात येत होते. १९५१ मध्ये साडेसहा लाखांच्या आत असलेली लोकसंख्या १९७१ मध्ये साडेपंधरा लाखांवर गेली. १९४१ च्या जनगणनेत आदिवासी सुमारे निम्मे होते. १९५१ मध्ये ते सुमारे ३७ टक्के आणि १९८१ मध्ये २८.४४ टक्के झाले. एका पिढीच्या आत आपल्याच भूमीत अल्पसंख्य होण्याचा हा अनुभव होता, आणि त्यातून निर्माण झालेली वेदना खरी होती.

परंतु निर्वासित शेतकरी हा त्या वेदनेचा कर्ता नव्हता. तोही फाळणीचा बळीच होता. प्रश्न होता तो त्याचे पुनर्वसन कोणाच्या जमिनीवर आणि कोणाच्या खर्चाने करायचे हा. महाराज वीरविक्रम यांनी १९३१ आणि १९४३ मध्ये आदिवासींसाठी जमीन राखून ठेवली होती. दुसऱ्या वेळी राखलेले क्षेत्र सुमारे १,९५० चौरस मैल होते. स्वातंत्र्यानंतर हे राखीव क्षेत्र टप्प्याटप्प्याने खुले करण्यात आले आणि १९६० च्या जमीन महसूल व जमीन सुधारणा कायद्यानंतर ती व्यवस्थाच संपली. त्या कायद्याच्या १८७ व्या कलमाने जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यास मनाई होती. पण अंमलबजावणी नाममात्र झाली. पुढे १९७४ च्या दुरुस्तीने १ जानेवारी १९६९ ही सीमारेषा ठरवून त्यापूर्वीच्या बेकायदा हस्तांतरांवर पांघरूण घातले. गरीब निर्वासिताला दोन एकर देण्याच्या नावाखाली सावकार, दलाल आणि मोठे जमीनधारक यांनी किती जमीन गिळली, हा हिशेब मागितलाच गेला नाही. गोमती नदीवरील डुंबुर धरणानेही तेच केले : थोडक्या विजेसाठी सुपीक खोरे बुडाले आणि अधिकृत गणतीप्रमाणेही अडीच हजारांवर कुटुंबे उठवली गेली. ज्यांच्याकडे जमिनीचा कागद नव्हता, अशी असंख्य कुटुंबे गणतीबाहेरच राहिली.

केंद्राने निर्वासितांच्या पुनर्वसनाचा राष्ट्रीय भार राष्ट्राच्या तिजोरीतून उचलायला हवा होता. त्याऐवजी तो देशातील सर्वांत दुर्बल आदिवासींच्या जमिनीवर टाकला गेला. दोन गरिबांना एकमेकांसमोर उभे करून राज्यकर्ते बाजूला झाले.

भाषा आणि स्वायत्तता

१९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाने त्रिपुरा आसामात विलीन करावे अशी शिफारस केली. मराठी जनतेला मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र नाकारणारा अहवालही हाच. त्रिपुरातील जनतेने ही शिफारस धुडकावली आणि १ नोव्हेंबर १९५६ पासून तो केंद्रशासित प्रदेश राहिला. नकाशा सोयीस्कर व्हावा म्हणून जनतेला इकडून तिकडे ढकलता येत नाही, हा धडा दोन्ही ठिकाणी लोकांनीच शिकवला.

१९७८ च्या जानेवारीत नृपेन चक्रवर्ती यांच्या नेतृत्वाखाली डाव्या आघाडीचे सरकार आले. पुढच्याच वर्षी कोकबोरोकला राज्यभाषेचे स्थान मिळाले आणि स्वायत्त जिल्हा परिषदेचा कायदा संमत झाला. परिषदेच्या कक्षेत राज्याचे सुमारे दोन-तृतीयांश क्षेत्रफळ येते. जेथे मतदारांत बंगाली भाषकांचे बहुमत आहे, तेथील विधानसभेने अल्पसंख्य आदिवासींना एवढ्या क्षेत्राचे स्वशासन द्यावे, ही भारताच्या संसदीय इतिहासातील असामान्य घटना होय. गणमुक्ती परिषद आणि बंगाली शेतकरी-कामगार चळवळ यांच्या तीन दशकांच्या एकजुटीशिवाय ते घडलेच नसते.

प्रतिगामी शक्तींनी या एकजुटीवर दोन्ही बाजूंनी हल्ला चढवला. ‘आमरा बंगाली’ने स्वायत्ततेला आणि कोकबोरोकला विरोध केला, डोंगरात ‘परकीयांना हाकला’ अशी हाक उठली. जून १९८० च्या भीषण दंगलीत दोन्ही समाजांतील शेकडो निरपराध माणसे प्राणास मुकली. सशस्त्र टोळ्यांनी पुढील दोन दशके डोंगरात रक्त सांडले, आणि त्यांच्या गोळ्यांना बळी पडलेल्यांत गणमुक्ती परिषदेचे आदिवासी कार्यकर्तेही मोठ्या संख्येने होते.

स्वायत्तता दिली की फुटीरता वाढते, असा आक्षेप घेतला जातो. सशस्त्र टोळ्या आणि स्वायत्त परिषद साधारण एकाच काळात उदयाला आल्या, हे त्याला पुरावा म्हणून दाखवले जाते. परंतु ज्या रागावर या टोळ्या पोसल्या गेल्या तो १९७९ साली जन्मला नव्हता. राखीव जमीन खुली होताना, कायद्याचे कलम कागदावर राहताना, खोरे पाण्याखाली जाताना तो साठत आला होता. स्वायत्तता तीस वर्षे उशिरा आली, हा तिचा दोष नव्हे. लष्करी विशेषाधिकार कायदा १९९७ मध्ये लागू झाला तो मे २०१५ मध्ये त्रिपुरातून उठवला गेला. शेजारच्या आसामात तो कायम असताना हे शक्य झाले, कारण पोलिसी बंदोबस्ताच्या जोडीला पंचायत, शाळा आणि वनहक्काचे पट्टे डोंगरात पोहोचले होते.

अपुरे राहिलेले काम

२०१८ मध्ये डाव्या आघाडीची सत्ता गेली. २०२१ मध्ये स्वायत्त परिषद ‘तिप्रा मोथा’कडे गेली आणि वेगळ्या राज्याची मागणी डोंगरात पुन्हा घुमू लागली. २ मार्च २०२४ रोजी केंद्र, राज्य आणि मोथा यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. पुन्हा एक करार, पुन्हा सह्या. त्या करारातील शब्दांपेक्षा पुढील तीन कसोट्यांवर त्याचे मोजमाप व्हावे.

पहिली कसोटी अर्थाधिकाराची. सहाव्या अनुसूचीतील परिषदांना थेट निधी व अधिक अधिकार देण्यासाठी घटनादुरुस्ती विधेयक फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्यसभेत मांडले गेले आणि वर्षानुवर्षे मंजुरीविना पडून राहिले. दारोदार हात पसरणारी परिषद हे स्वशासन नव्हे. दुसरी कसोटी भाषेची. कोकबोरोक अजून घटनेच्या आठव्या अनुसूचीबाहेर आहे. ती रोमन लिपीत लिहावी की बंगाली, हा वाद विद्यार्थ्यांच्या परीक्षांपर्यंत पोहोचला आहे. जनशिक्षा समितीच्या संस्थापकांपैकी सुधन्वा देववर्मा यांनी याच भाषेत ‘हाचुक खुरिओ’ ही कादंबरी लिहिली. भाषेचे सामर्थ्य सिद्ध करण्याची आता गरज उरलेली नाही. तिच्या लिपीचा निर्णय ती बोलणाऱ्यांनी करायचा आहे, आगरतळ्याच्या वा दिल्लीच्या मंत्रालयांनी नव्हे. तिसरी कसोटी जमिनीची : बेकायदा गेलेली जमीन परत मिळणे, आणि ती परत करताना गरीब बंगाली कसणाऱ्याला पर्यायी आधार देणे. एकाला न्याय देताना दुसऱ्याला रस्त्यावर आणले, तर जून १९८० ची बीजे पुन्हा पेरली जातील.

१९७१ मध्ये सीमेपलीकडून आलेल्या निर्वासितांची संख्या त्रिपुराच्या स्वतःच्या लोकसंख्येच्या जवळपास पोहोचली होती. त्या वर्षी डोंगरातील आणि मैदानातील कष्टकऱ्यांनी त्यांना आसरा दिला. एवढे सामर्थ्य ज्या जनतेत आहे, तिला देशाशी निष्ठा शिकवण्याची गरज नाही. गरज आहे ती देशाने तिचे देणे चुकते करण्याची. ते देणे वसूल करण्याची लढाई आदिवासी आणि बंगाली शेतकरी-कामगारांनी मिळून लढावी लागेल, आणि तिच्या पाठीशी देशभरच्या लोकशाही चळवळीने उभे राहावे लागेल.