आमच्या घरात पिस्तूल नव्हतं

नाताळच्या सुट्टीत चार दिवस लालबागला दादाकडे राहून आले. दर वर्षीचा नेमच आहे. दुपारी पुस्तक, रात्री जेवणं आटोपली की सिनेमा, आणि मधल्या वेळात वहिनीच्या हातचं खाणं (वजनाबद्दल कुणी विचारू नये!). यंदा पुस्तक होतं जयंत पवारांचं 'अधांतर' आणि सिनेमा महेश मांजरेकरांचा 'लालबाग परळ'. जोडी मुद्दाम लावली नव्हती. 2010 साली तो सिनेमा आम्ही सगळ्यांनी मिळून 'भारतमाता'ला पाहिला होता, त्या आठवणीपायी दादाने लावला.

सिनेमा संपला आणि माझा चौदा वर्षांचा भाचा म्हणाला, "आत्या, तेव्हा पप्पा पण गँगमध्ये होते का गं?"

दादा हसला. मला काही हसू आलं नाही. म्हणून हे लिहितेय. दादा, तू वाचशीलच. भांडायचं तर फोनवर भांड.

'अधांतर' हे 1997 सालचं नाटक. त्याच वर्षी जानेवारीत दत्ता सामंतांचा खून झाला होता आणि 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला त्यांचा संप तोवरही रीतसर मागे घेतला गेला नव्हता. कधीच घेतला गेला नाही. नाटकात चाळीतल्या एका खोलीत धुरींचं कुटुंब आहे. आई, तीन मुलगे, एक मुलगी. नरू गुंडगिरीत शिरतो, पण तो त्या घरातला एक मुलगा. बाकीचे एकमेकांवर खेकसत, कुढत, तरी एकाच छपराखाली जगत असतात. सिनेमा याच नाटकावरून घेतलेला. पटकथेत खुद्द पवारही होते, हे मला ठाऊक आहे. लेखक सोबत होता म्हणून मला पटलंच पाहिजे असं थोडंच आहे? पडद्यावर ती खोली लहान लहान होत जाते आणि पिस्तूल मोठं. सिद्धार्थ जाधवने काम झकास केलंय, वाद नाही. पण माझा भाचा लक्षात काय ठेवतो? पिस्तूल.

आता कुणी म्हणेल, पोरं गँगमध्ये गेली नव्हती का? गेली. आमच्या मजल्यावरचीच दोघं गेली, एक परत आलाच नाही. त्याची आई जिन्यात भेटली की आम्ही खाली बघायचो. पण त्याच मजल्यावरून कोण कुरियरवाला झाला, कोण बँकेत शिपाई, कोण दादरच्या साडीच्या दुकानात घड्या घालायला लागली. त्यांच्यावर कुणी सिनेमा काढला?

"सिनेमात काहीतरी घडावं लागतं," असं दादाचं म्हणणं.

बरं. मग आमच्याकडे काय घडलं ते ऐक. तू लहान होतास म्हणणार नाही, तू माझ्याहून मोठाच आहेस, फक्त विसरलास. बाबा साचेखात्यात. संपाच्या वेळी मी नऊ वर्षांची. आईकडे खानावळीला सहा माणसं जेवायला होती, सगळी कोकणातली, सगळी गिरणीतली. गिरणगावात अशा खानावळवाल्या बायका ढिगाने होत्या. त्यांना सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरवांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. पुढे त्यांना पद्मश्री मिळाली. बाईंवरही मी अजून सिनेमा पाहिलेला नाही. असो.

संप लांबला तशी ती सहा माणसं एकेक करून गावी गेली. तीन-चार महिन्यांचे पैसे बाकी ठेवून. आईने मंगळसूत्र मोडलं, वाण्याचं बिल भागवलं, आणि त्या सहांना एका शब्दाने दोष दिला नाही. दोन वर्षांनी त्यातल्या एकाने एसटीतून तांदळाची गोण पाठवली. सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. आई गोणीवर हात ठेवून कितीतरी वेळ बसली होती. बाबा तोंड फिरवून गॅलरीत गेले.

हे घडणं नाही?

निघताना 'अधांतर' भाच्याकडेच ठेवून आले. काल त्याचा फोन होता. "आत्या, यात फायटिंग कितव्या पानावर आहे?"

वाच पुढे, म्हटलं. आणि गोणीचं पप्पांना विचार.